जुन्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स घाटात तापतोय: जास्तीचा कूलर बसवू का?

घाटवाट

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे वडिलांची १९९६ सालची सेडान आहे. चार गिअरची ऑटोमॅटिक, २ लाख १० हजार किलोमीटर झालेली. ही गाडी मला काढायची नाही. याच गाडीवर मी चालवायला शिकलो आणि जमेल तितकी वर्षं ती रस्त्यावर ठेवायची आहे. त्यामुळे "विकून टाका" हा सल्ला कृपया नको.

त्रास असा की सपाटीवर गाडी अगदी गुणी आहे. घाट लागला की वीस-पंचवीस मिनिटांनी गिअर टाकायला वेळ लावते. इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने ओढत नाही. थांबून बॉनेट उघडलं की करपल्यासारखा वास. अर्धा तास उभी केली की पुन्हा जणू काही झालंच नव्हतं. आणि या सगळ्यात इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही.

दोन गॅरेजमध्ये दाखवली. एक म्हणाले गिअरबॉक्स संपला, दुसरा बसवा. दुसरे म्हणाले जास्तीचा कूलर लावा, काही होत नाही. गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं याची वडिलांच्या वहीत नोंद नाही. सहा महिन्यांपूर्वी इंजिनाचं वरचं काम झालं, तेव्हा थ्रॉटल बॉडीही (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ केली. तेव्हापासून गिअर इतके हळुवार पडतात की कळतसुद्धा नाही, म्हणजे आतून डबा चांगला असावा असं मला वाटतं.

कूलर बसवू का? बसवला तर कोणता आणि कुठे?

चौथा_गिअर

बसवाच. माझ्याकडे सहा वर्षं आहे. तेल जितकं थंड तितका गिअरबॉक्स टिकतो, एवढं साधं आहे.

नवशिकी

प्रश्न बाळबोध वाटेल, पण इंजिनाचा काटा मध्यावर असताना गिअरबॉक्स तापतो कसा? दोघांचं पाणी एकच ना?

तेलकट_हात

@नवशिकी, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो.

तो काटा कुलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान दाखवतो. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान बहुतेक जुन्या गाड्यांत कुठेच दिसत नाही. गिअरबॉक्समधून दोन नळ्या निघतात आणि रेडिएटरच्या एका बाजूच्या टाकीत जातात. त्या टाकीच्या पोटात एक छोटा कूलर असतो. त्यात तेल, बाहेरून कुलंट. कुलंट ९० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे तेल त्याच्या खाली उतरू शकत नाही, पण १२० ला पोचलेलं तेल उतरून येतं. सकाळी गार गाडीत याच्या उलट होतं. कुलंट आधी तापतं आणि तेलाला ऊब देतं. दोन्ही कामं एकच कूलर करतो.

मुख्य उष्णता तयार होते टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात. इंजिनाकडची पाती तेल फेकतात, त्या माऱ्याने समोरची पाती फिरतात. दोन्हींच्या वेगात जेवढा फरक तेवढं तेल नुसतंच घुसळलं जातं आणि तापतं. सपाटीवर ठरावीक वेगाला आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो, मग घसरण शून्य, उष्णताही जवळपास शून्य. घाटात वेग कमी आणि भार जास्त, लॉक-अप सुटलेला राहतो. म्हणजे गाडी हळू चालते तेव्हाच डबा सर्वात जास्त तापतो, आणि तेव्हाच समोरून वारा सर्वात कमी.

घाटवाट, कूलर घेण्याआधी एक विचारतो. तापमान मोजलंय का?

शिट्टी_आणि_हॉर्न

गिअरबॉक्सला ताप आलाय, आणि अजून कोणी थर्मामीटर लावला नाही! कपाळावर पट्ट्या ठेवायची मात्र सगळ्यांना घाई.

घाटवाट

@तेलकट_हात, नाही मोजलं. माझ्या गाडीच्या निदानाच्या सॉकेटमधून हे तापमान मिळत नाही, जोडून पाहिलं. कसं मोजू?

तेलकट_हात

सेन्सर आणि काटा वेगळा मिळतो. सेन्सर चेंबरमध्ये (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या पेटीत) लावता येतो किंवा टी-जोड घालून कूलरकडे जाणाऱ्या नळीत. मी नळीत लावतो, कारण तिथे तेल कन्व्हर्टरमधून थेट येतं आणि खरा उच्चांक कळतो. चेंबरमधला आकडा शांत असतो, तेलाची सरासरी स्थिती सांगतो. कुठेही लावा, पण दोन आकड्यांची तुलना करू नका, ते वेगळेच असणार.

ठोकताळा असा की चेंबरमध्ये ८० ते ९५ अंश म्हणजे निर्धास्त. ८० च्या वर दर १० अंशांना तेलाचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ११५ च्या पुढे तेलाचं चिकट आवरण झडपांवर बसायला लागतं, १३० च्या आसपास रबरी सील कडक होतात, १५० ला क्लचच्या चकत्या जळायला लागतात. तुमचा करपट वास यातल्या वरच्या टोकाचा आहे. गंमत म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

प्रवासिनी

घाटवाट, तुमचं वर्णन वाचून पोटात गोळा आला. आमच्या गाडीचं अगदी असंच सुरू झालं होतं. आम्ही एका गॅरेजमध्ये मशीन लावून सगळं तेल फ्लश करून घेतलं. महिन्याभरात रिव्हर्स गेला आणि पाठोपाठ तिसरा. फ्लश करू नका एवढंच सांगते.

कॅलिपर

@प्रवासिनी ताई, वाईट झालं. पण फ्लशने डबा मारला असं मला वाटत नाही. चकत्यांचं अस्तर आधीच झिजलेलं असतं आणि ते झिजलेलं बारीक पीठ जुन्या तेलात तरंगत असतं. त्या घट्ट, घर्षण वाढवणाऱ्या तेलावर चकत्या कशाबशा पकड धरून असतात. नवं, निसरडं तेल आलं की पकड सुटते. डबा संपलेला होताच, तेलाने फक्त ते उघड केलं.

प्रवासिनी

असेलही. पण तेल तसंच ठेवलं असतं तर आणखी वर्षभर चालली असती, हे तर खरं ना? आम्हाला तेवढं वर्ष हवं होतं. मशीन लावताना "आधी चेंबर खोलून बघू" असं कोणी म्हणालं असतं तर आम्ही थांबलो असतो. माझी तक्रार त्या न बघण्याची आहे.

कॅलिपर

हे मात्र शंभर टक्के मान्य. चेंबर खोलून बघितल्याशिवाय जुन्या डब्याला हात लावू नये.

पाना_दहा_बारा

चेंबर खोलल्यावर काय बघायचं तेही सांगतो, कारण लोक बघतात आणि उगाच घाबरतात.

तळाला एक-दोन चुंबक असतात. त्यांवर करड्या रंगाचा लेप असणार, बोटावर घेतला तर काजळीसारखा मऊ. एवढ्या किलोमीटरनंतर तो असायलाच हवा. टोचणारे लोखंडाचे तुकडे, पितळी चमक किंवा काळ्या अस्तराच्या खपल्या दिसल्या तर तेल बदलून उपयोग नाही, डबा उघडावा लागेल.

तेलाच्या रंगावर एकट्याने निकाल देऊ नका. लाल रंग हा मुळात गळती ओळखता यावी म्हणून घातलेला आहे आणि काही तेलांत तो वापरताना लवकर तपकिरी पडतो. वास जास्त खरं बोलतो. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून बघा. मध्ये काळा ठिपका आणि भोवती जेमतेम पसरलेली कड असेल तर तेलात घाण भरलेली आहे.

आणि एक रंग दिसला तर त्याच क्षणी इंजिन बंद करा. दुधाळ गुलाबी. म्हणजे रेडिएटरच्या पोटातला कूलर फुटून कुलंट तेलात मिसळलं आहे. पाणी आणि ग्लायकॉल चकत्यांचा डिंक सोडवतात. अशा गाडीला टोचन लावून ओढायचंही नाही, इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं जमिनीला लागता कामा नयेत. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, आतले भाग तेलाविना फिरत राहतात.

जुनं_लोखंड

तेलाचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर.

पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा आला तो १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये, नाव हायड्रा-मॅटिक. त्यासाठीच्या तेलाचं टाइप ए हे मानक जनरल मोटर्सने १९४९ मध्ये आणलं. चकत्या झटका न देता, पण घट्ट धराव्यात म्हणून त्या काळच्या तेलांत स्पर्म व्हेलच्या चरबीचं तेल घालत. उष्णता सोसायची त्याची ताकद विलक्षण होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत या देवमाशांना कायद्याचं संरक्षण मिळालं आणि हे तेल बंद झालं. बदली मिश्रणांपैकी एकाने तर रेडिएटरमधल्या कूलरच्या डाखालाच गंज आणला, मग तेही सुधारावं लागलं.

आज आपण शंभर अंशांवर तेल टिकावं म्हणून धडपडतो. त्या एका गुणासाठी किती जीव गेले हे मी वाचलं, तेव्हापासून जुनं तेल गटारात ओतणाऱ्याला मी तिथल्या तिथे थांबवतो.

नवशिकी

हे माहीतच नव्हतं. धन्यवाद, काका.

शांत_चालक

चालवण्याच्या सवयींबद्दल कोणीच बोललं नाही. कूलर, सेन्सर सगळं ठीक, पण उजवा पाय हा पहिला कूलर आहे.

चढावर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वात वरचा चौथा गिअर, बटणाने बंद करा. चौथा-तिसरा-चौथा असा डबा घुटमळत राहिला की प्रत्येक वेळी चकत्या घासतात आणि लॉक-अपही सुटतो. तिसऱ्यात, गरज पडली तर दुसऱ्यात ठेवा. इंजिनाचा आवाज वाढेल, वाढू दे. चढावर कोंडीत थांबला असाल तर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा. तोलून धरलेली गाडी म्हणजे सगळी ताकद तेल तापवण्यात. आणि माथ्यावर पोचल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. पार्कमध्ये दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, तेल कूलरमधून फिरून येऊ दे.

सिग्नलला थांबलं की न्यूट्रल.

चौथा_गिअर

शेवटच्या वाक्याला माझा विरोध. दर सिग्नलला डी (ड्राइव्ह) मधून एन (न्यूट्रल) आणि पुन्हा डी केलं की दर वेळी क्लच नव्याने जोडला जातो. झीज तिथेच होते.

शांत_चालक

वीस सेकंदांसाठी मीही करत नाही. पाच-दहा मिनिटांची कोंडी, वर ऊन, एसी चालू, अशा वेळी डी मध्ये ब्रेक दाबून बसलं की कन्व्हर्टर सतत घुसळतो. तेव्हा एन. मला वाटतं आपण दोघं वेगवेगळ्या सिग्नलबद्दल बोलतोय.

चौथा_गिअर

मग ठीक. लांब थांब्याला मान्य.

तेलकट_हात

धागा परत वाचताना पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य खटकलं. मी ते आधीच पकडायला हवं होतं. "तेव्हापासून गिअर इतके हळुवार पडतात की कळतसुद्धा नाही."

घाटवाट, हे चांगलं लक्षण नाही. जुन्या डब्यात थ्रॉटल बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय हे डब्याला तीच सांगते. जास्त दाबला की आतला तेलाचा दाब वाढतो आणि चकत्या घट्ट धरतात. पूर्ण हायड्रॉलिक डब्यात गिअर कधी बदलायचा हेही तीच ठरवते, इलेक्ट्रॉनिक डब्यात निदान दाब तरी. केबल सैल असली की डब्याला वाटतं तुम्ही निवांत चाललाय. दाब कमी, गिअर लोण्यासारखे, आणि घाटात पूर्ण भाराखाली चकत्या घसरणार. घसरण म्हणजे उष्णता.

थ्रॉटल बॉडी साफ करताना ती केबल काढावी लागते. बसवताना कोणी मोजून बसवली का?

पाना_दहा_बारा

+१. अनेक डब्यांत पेडल पूर्ण दाबलेलं असताना केबलवरची खूण आणि रबरी टोपाचं टोक यांत ० ते १ मिलिमीटर अंतर हवं असतं. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने बॉनेटखाली बघायचं, इंजिन बंद ठेवून. तुमच्या डब्याचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. आणि दुरुस्त होईपर्यंत घाट चढू नका, सैल केबलवर चांगला डबा एका प्रवासात जळू शकतो.

घाटवाट

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. तीन आठवड्यांनी लिहितोय, पण सगळं करून, मोजून लिहितोय.

आधी कूलरच्या नळीत सेन्सर बसवला. दुरुस्तीआधी घाट चढायचा नव्हता, पण गावाबाहेरच्या छोट्या चढावर सहा मिनिटांतच १२४. तिथूनच परत फिरलो.

मग केबल. बायकोने पेडल दाबलं, मी खाली बघितलं. खूण जागेवर नव्हतीच. केबल धरणारे दोन नट सैल होते, नुसते हाताने फिरले. मॅन्युअलप्रमाणे बसवले. पहिल्याच फेरीत फरक जाणवला. गिअर बदलल्याचं आता कळतं, हलकासा, ठाम. मला आठवलं, वडील चालवायचे तेव्हा असाच पडायचा. सहा महिने मी ज्या मऊपणावर खूश होतो तो डब्याचा त्रास होता.

चेंबर खोलला. चुंबकावर करडा लेप, मऊ. तुकडे नाहीत, खपल्या नाहीत. फिल्टर बदलला. तेल काळपट आणि करपट वासाचं, पण गुलाबी नाही. निघालं तेवढं मापात ओतून मोजलं, साडेतीन लिटर, आणि तेवढंच नवं घातलं.

कॅलिपर

एकदाच बदललं का? एका वेळी निम्म्याहूनही कमी तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्येच राहतं.

घाटवाट

हो, म्हणून तीनदा केलं, दर वेळी पाचशे किलोमीटर चालवून. प्रवासिनी ताईंचा अनुभव डोक्यात होता, मशीन लावायचं धाडस झालं नाही. हळूहळू बदललं तर काही बिनसतंय का तेही दिसतं. तिसऱ्या वेळी निघालेलं तेल बरंच लाल होतं.

शेवटी रेडिएटरची जाळी. पुढून बघितलं तर तिच्यापुढचा एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) स्वच्छ होता. पण तो दोन बोल्ट काढून पुढे ओढला, तर त्याच्या आणि रेडिएटरच्या मध्ये वाळलेली पानं, किडे आणि मातीचा अक्षरशः थर. मागच्या बाजूने कमी दाबाच्या पाण्याने धुतलं.

आता आकडे, सगळे त्याच नळीतले. केबल जुळवल्यावर त्याच छोट्या चढावर १०५. जाळी धुतल्यावर पूर्ण घाट, ओव्हरड्राइव्ह बंद, चार माणसं आणि सामान: सर्वात जास्त १०८, माथ्यावर तीन मिनिटांत ९४. वास नाही. घसरण नाही.

प्रवासिनी

खूप बरं वाटलं वाचून. खरंच.

नवशिकी

मग आता कूलर लागणारच नाही का?

तेलकट_हात

नळीत १०८ म्हणजे चेंबरमध्ये त्याहून कमी असणार. रोजच्या वापराला नको. वर्षातून बऱ्याचदा भरलेल्या गाडीने मोठे घाट चढणार असाल किंवा मागे काही ओढणार असाल तर लहान कूलर जरूर बसवा. केबल सैल असताना बसवला असतात तर तेल थोडं गार राहिलं असतं, आणि चकत्या गुपचूप घसरत राहिल्या असत्या.

बसवलात तर प्लेटा रचलेला घ्या, नागमोडी नळीच्या कूलरपेक्षा तो त्याच आकारात जास्त उष्णता टाकतो. गिअरबॉक्समधून तेल आधी रेडिएटरमधल्या कूलरला, मग नव्या कूलरला, मग परत. थंड हवेच्या भागात राहत असाल तर थर्मोस्टॅटवाला, म्हणजे तेल तापेपर्यंत त्याला वळसा घालून जातं. फार गार तेलही वाईट, अनेक गाड्यांत ते तापेपर्यंत लॉक-अप लागतच नाही. @चौथा_गिअर, तुमच्या "जितकं थंड तितकं चांगलं" याला एवढीच दुरुस्ती.

चौथा_गिअर

मान्य. माझ्याकडे थर्मोस्टॅट नाही आणि हिवाळ्यात लॉक-अप उशिरा लागतो हे खरं आहे. कारण आत्ता कळलं.

पाना_दहा_बारा

बसवताना दोन गोष्टी. होज गिअरबॉक्सच्या तेलासाठी बनवलेलाच घ्या, पेट्रोलचा किंवा पाण्याचा नको, गरम तेलात तो मऊ पडून निसटतो. आणि रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर कूलर टांगू नका. गाडीच्या हादऱ्यांनी त्या जाळी घासतात आणि भोक पडतं. पट्टीचे कंस करून चौकटीला बसवा.

जुनं_लोखंड

घाटवाट, तेलाची पातळी कशी बघता? बऱ्याच गाड्यांत तेल गरम, इंजिन चालू, सपाट जागा, सगळ्या गिअरमधून दांडा फिरवून पार्कमध्ये. पण होंडाच्या जुन्या गाड्यांत इंजिन बंद करून लगेच, एक-दीड मिनिटाच्या आत बघायचं असतं. एकाची पद्धत दुसऱ्याला लावली की तेल कमी किंवा जास्त भरलं जातं. जास्त झालं तर फिरणारे भाग त्याचा फेस करतात, कमी झालं तर पंप हवा ओढतो. दोन्हींत घसरण आणि ताप.

घाटवाट

काका, माझी इंजिन चालू ठेवून बघायची आहे, मॅन्युअलमध्ये बघितलं. गरम खुणांच्या मधोमध आहे. वडिलांच्या वहीत नवं पान केलंय: तेलाचा प्रकार, लिटर, किलोमीटर, केबलचं माप, घाटातलं तापमान. कूलर सध्या नाही घेत. पुढच्या महिन्यात आईला घेऊन मोठ्या घाटाने जायचंय, काट्यावर ११५ दिसलं तर परत इथेच येईन.

शांत_चालक

या. आणि ओव्हरड्राइव्हचं बटण घाटाच्या पायथ्यालाच दाबा, अर्ध्यावर नको.